लेकीच्या हाती बॅट देताना

मैत्रिणींनो, लेक शाळेतून येते, दप्तर कोपऱ्यात टाकते आणि सांगते, "आई, सॉफ्टबॉलच्या संघात माझं नाव घेतलंय!" आपल्यापैकी बहुतेकींचा पहिला प्रश्न असतो, "आणि अभ्यासाचं काय?" दुसरा, "उन्हात किती वेळ?" तिसरा प्रश्न आपण तोंडाने विचारत नाही, पण मनात असतोच. हे सॉफ्टबॉल म्हणजे असतं तरी काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ज्या त्या घरानं द्यावीत. तिसऱ्याविषयी, आणि त्यातही बॅट कशी फिरवायची याविषयी, आज तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. कारण मुलीचा खेळ सुटतो तो बहुतेक वेळा इथेच, बॅटपाशी. आठ-दहा वेळा बॅट नुसती हवेत फिरते, कुणीतरी फिदीफिदी हसतं, आणि पोरगी घरी येऊन सांगते, "मला नाही जमत, मी नाव काढून घेतलं." आपण मनातल्या मनात सुटकेचा नि:श्वास टाकतो आणि ती पुन्हा कधी मैदानावर जात नाही.

मी काही खेळाची शिक्षिका नव्हे. मराठी आणि इतिहास शिकवते, तेही अर्धवेळ. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक बाई हव्यात, म्हणून माझी वर्णी लागली. तेव्हापासून सरांचं शिकवणं ऐकते, मुलींचं खेळणं बघते आणि या विषयावर हाती लागेल ते वाचते. त्यातलं जे आईला उपयोगी पडेल असं वाटलं, ते लिहिते आहे.

झाडूच्या दांड्यापासून सुरुवात

सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण. बेसबॉल अमेरिकेचा. १८८७ साली शिकागोमध्ये काही तरुण मंडळींनी थंडीच्या दिवसांत घरातल्या घरात खेळता यावा म्हणून बॉक्सिंगच्या हातमोज्याचा चेंडू केला, बॅट म्हणून झाडूचा दांडा घेतला आणि बेसबॉल खेळून पाहिला. त्यातूनच पुढे सॉफ्टबॉल झाला. आपल्या महाराष्ट्रात शालेय स्पर्धांत मुली हा खेळ खेळतात आणि चांगल्या खेळतात. नावात 'सॉफ्ट' असलं तरी चेंडू मऊ नसतो हं! बेसबॉलच्या चेंडूचा घेर सुमारे ९ इंच, याचा १२ इंच. वजनही अधिक, १८० ते २०० ग्रॅमच्या आसपास.

आपल्या मुली येतात त्या भावाबरोबर गल्लीत क्रिकेट खेळून. तिथली बॅट चपटी, चेंडू टप्पा खाऊन येणारा, आणि नाही लागला तर सोडून दिला. इथे बॅट गोल, चेंडूही गोल, आणि टप्पा नाही. चांगला आलेला चेंडू नुसता सोडून दिलात तरी तो तुमच्या खात्यावर लिहिला जातो, आणि असे तीन झाले की तुम्ही बाद. विटीदांडू खेळलेल्या आयांना मात्र हे पटकन कळेल. हवेत उडालेल्या विटीला टोला मारायचा तो बेताचा, पण अंगातून. ती सवय इथे कामाला येते.

आता वेळेचा हिशेब पाहा. मोठ्या मुलींच्या सामन्यात चेंडू टाकणारी पिचर ४३ फुटांवर उभी असते. ती खालून हात फिरवते, एक मोठं पाऊल पुढे टाकते आणि चेंडू सोडते. चेंडूचा वेग ताशी ६० मैल धरला, तर तो बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. बेसबॉलमध्ये अंतर साठ फूट सहा इंच, वेग ताशी ९० मैल, आणि गंमत अशी की हिशेब जवळजवळ तेवढाच येतो. या वेळात चेंडू पाहायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि बॅट फिरवायची. शाळेतल्या पोरी इतक्या वेगानं टाकत नाहीत, पण समोरची मारणारीही तेवढी तयार नसते. तेव्हा तिकडून पाच जण पाच सूचना ओरडत असतील, तर त्या ऐकायला या मुलीकडे वेळ कुठून येणार?

जोर येतो कुठून?

कुणाही नव्या मुलीच्या हाती बॅट द्या. ती बॅट हातांनी मारते. खांदे वर चढतात, कोपरं ताठ होतात, चेहरा लाल होतो आणि चेंडू जेमतेम चार पावलं जातो. शेजारची किडकिडीत पोरगी सहज फिरल्यासारखी फिरते आणि चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून जातो. मग आपण म्हणतो, "तिच्या अंगात ताकद आहे." ताकद नसते, क्रम असतो.

नऊवारी किंवा जाड चादर दोघींनी मिळून पिळल्याचं आठवतं? एकीनं टोक घट्ट धरायचं, दुसरीनं पीळ द्यायचा. एक टोक थांबलं, म्हणूनच पीळ बसला. दोघीही एकाच बाजूला फिरल्या तर पाण्याचा थेंब निघणार नाही. फटक्याचंही तसंच. पुढचा पाय चेंडूच्या दिशेनं जातो, कंबर फिरायला लागते, आणि हात व बॅट मात्र अजून मागेच, खांद्यापाशी असतात. पोटापाठीला पीळ बसतो तो या क्षणी. तो सुटला की आधी कंबर, मग खांदे, मग हात, आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत वेगानं, बॅटचं टोक. १९९५ साली अमेरिकेत कसलेल्या बेसबॉल फलंदाजांच्या हालचाली यंत्रांनी मोजून प्रसिद्ध केल्या, त्यांतही हाच क्रम दिसला. पुढचा पाय जमिनीला टेकतो तेव्हा त्यावर स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त भार येतो, असंही त्यात आढळलं.

हा पुढचा पाय फार महत्त्वाचा, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. एस.टी.त उभ्यानं प्रवास करताना ड्रायव्हरनं ब्रेक दाबला तर काय होतं? पाय गाडीबरोबर थांबतात आणि वरचं अंग पुढे झेपावतं. फलंदाजाचा पुढचा पाय म्हणजे तो ब्रेक. टाच टेकली, गुडघा सरळ होत गेला, खालचं अंग थांबलं की तो सगळा वेग वरच्या अंगाला मिळतो. ज्या मुलीचा पुढचा गुडघा फटक्याच्या वेळी वाकलेलाच राहतो, तिचा जोर तिथेच मुरतो. ओला टॉवेल झटकतानाही आपण हेच करतो ना? हात पुढे नेऊन अचानक थांबवतो, आणि फट्ट आवाज येतो तो दुसऱ्या टोकाला.

पाऊल टाकायचं ते मात्र लहान आणि हलकं. सर मुलींना सांगत, "चार-सहा इंच, जास्त नाही." ते इंच कुणाच्या डोक्यात शिरत नसत. एकदा संघातलीच एक मुलगी दुसरीला म्हणाली, "अगं, घरात बाळ झोपलंय असं समज ना." त्या दिवसापासून आमच्या मैदानावर "बाळ झोपलंय" एवढं म्हटलं की सगळ्यांची पावलं हलकी पडतात. मोठ्या ढांगेनं डोकं खाली-वर होतं, आणि डोकं हललं की डोळ्यांना चेंडूही हललेला दिसतो.

कमरेला गाठ

आता जरा मोकळेपणानं बोलते. सरांनी मैदानावर "कंबर फिरवा" म्हटलं की आठवी-नववीच्या मुली एकमेकींकडे बघून तोंडावर हात धरतात. त्यांचा दोष नाही. चौथी-पाचवीपासून त्यांनी घरात काय ऐकलेलं असतं? "नीट बस. पाय जवळ घे. अशी काय हलतेस चालताना?" वर्षानुवर्षं हे ऐकून मुलीची कंबर लाकडासारखी होते. मग एक दिवस आपण तिला मैदानावर उभी करतो आणि म्हणतो, कमरेतून मार! माझं मत विचाराल तर मुलींचा फटका मुलग्यांपेक्षा कमी पडतो त्यात दंडाच्या ताकदीचा वाटा आहेच, पण या संकोचाचाही काही कमी नाही. आपल्या आज्या जात्यावर दळायच्या, ताक घुसळायच्या, आडाचं पाणी शेंदायच्या. ती सगळी कामं कमरेतून होत. आपली कामं आता ओट्याशी उभं राहून मनगटांनी होतात. मुली बघतात तेही तेच.

यावर एक साधा उपाय निघाला. सरावाला मुली ट्रॅकपँटवर येतात. त्यांना जुनी ओढणी कमरेला बांधायला लावायची, गाठ बरोबर मध्यभागी, बेंबीपाशी. लोंबणारी टोकं आत खोचून टाकायची, पायात यायला नकोत. उभं राहिल्यावर गाठ होम प्लेटकडे असते. फटका मारून झाल्यावर ती पिचरकडे बघत असली पाहिजे. झालं. "कंबर" हा शब्दच नको. "गाठ दाखव" म्हटलं की मुलगी आपोआप फिरते. मागची टाच उचलली जाते, मागचा गुडघा आत येतो, आणि यांतलं काहीही वेगळं शिकवावं लागत नाही.

अमेरिकेत लहान मुलांना मागचा पाय फिरवायला शिकवताना "पायाखालचा किडा चिरड" असं सांगायची जुनी पद्धत आहे. आपल्या भाषेत झुरळ म्हणू या! सुरुवातीला त्याचा उपयोग होतो, पण काही मुली इतक्या मन लावून झुरळ चिरडतात की सगळं वजन त्या मागच्या पायावरच अडकून पडतं. उत्तम बेसबॉल फलंदाजांचे फोटो बघा. चेंडू लागतो त्या क्षणी मागच्या पायाचा नुसता अंगठा जमिनीला टेकलेला असतो, कित्येकदा तोही नाही. वजन पुढे गेलेलं असतं. म्हणून मला ओढणीची गाठ बरी वाटते.

हात, मनगट आणि डोकं

हातांचं थोडक्यात सांगते. उजव्या हाताच्या मुलीचा डावा हात खाली, मुठीच्या टोकाजवळ, आणि उजवा त्याच्या वर चिकटून. पहिल्या दिवशी निम्म्या मुली हे उलटं धरतात, तेवढं तपासावं. बॅट तळहातात गच्च नको, बोटांत हवी. दार ठोठावतो ती बोटांची पेरं दोन्ही हातांची साधारण एका रेषेत आली की पकड जमली. पकड किती घट्ट? पिल्लू धरल्यासारखी. सुटू नये आणि चेपूही नये. चेंडूला भिडताना मूठ आपली आपण आवळली जाते.

चेंडू लागतो तेव्हा उजवा तळवा वर आणि डावा खाली बघतो. मुलींना हे सांगायची सोपी रीत म्हणजे, उजवा हात तीर्थ घेतल्यासारखा, डावा पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखा. मनगट लवकर उलटलं की चेंडू जमिनीवरून सरपटत जातो. बॅट फिरून पूर्ण गेल्यावर ते उलटतंच, मुद्दाम उलटवू नये.

"मागचं कोपर वर!" हे तुम्ही मैदानाच्या कडेनं हमखास ऐकाल, विशेषतः बाबामंडळींकडून. त्यातून काही साधतं असं मला दिसलेलं नाही. उंच धरलेलं कोपर शेवटी खाली यावंच लागतं, आणि लहान मुलीचा खांदा मात्र दुखून येतो. कोपर सैल राहू द्यावं. "बॅट वरून खाली मार, लाकूड फोडल्यासारखी" ही दुसरी सूचना. टेड विल्यम्स हा अमेरिकेतला फार मोठा फलंदाज. त्यानं १९७० साली फटक्याच्या शास्त्रावर पुस्तक लिहिलं आणि उलट मांडलं. त्याचं म्हणणं साधं होतं. बेसबॉलमध्ये पिचर उंचवट्यावरून टाकतो, म्हणजे चेंडू थोडा उतरत येतो. बॅट किंचित चढती असली तर ती चेंडूच्या वाटेवर जास्त वेळ राहते. सॉफ्टबॉलमध्ये उंचवटा नसतो आणि चेंडू खालून टाकतात, त्यामुळे त्याची वाट अधिक सपाट. बॅटही जवळजवळ सपाटच हवी, चेंडूच्या वाटेशी जुळणारी.

त्याच विल्यम्सच्या पुस्तकात एक चित्र आहे. होम प्लेटवरची चेंडू येण्याची जागा त्यानं ७७ चेंडूंनी भरून दाखवली आणि कुठल्या जागचा चेंडू आपण किती चांगला मारतो ते प्रत्येकावर लिहिलं. मधला चेंडू आला तर उत्तम, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यातला आला तर यथातथाच. म्हणजे एवढा मोठा माणूससुद्धा चेंडू निवडून घेई, आपण मंडईत वांगी घेतो तसा! १९४१ साली त्याची सरासरी हजारात ४०६ होती आणि अजूनही लोक ती कौतुकानं सांगतात. याचा अर्थ दहापैकी सहा वेळा त्याला यश आलं नाही. हा आकडा मी संघातल्या प्रत्येक मुलीच्या आईला सांगते. परीक्षेतले चाळीस टक्के आणि इथले चाळीस टक्के सारखे नव्हेत. इथे दहात तीन वेळा चेंडू नीट मारून बेसवर पोचणारी मुलगी चांगली समजतात.

आणि "चेंडूवर नजर ठेव"? ते खरंच, पण पुरतं नाही. १९८४ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल तपासली. शेवटच्या पाच-साडेपाच फुटांत चेंडू इतका झपकन सरकतो की कसलेल्या खेळाडूची नजरही त्याच्या मागे राहते. म्हणून बघायचं ते सुरुवातीला, पिचरच्या हातातून चेंडू सुटतो तिथे. पिचर हात फिरवते तेव्हा मुली तिच्या चेहऱ्याकडे किंवा केसांच्या पिनांकडे बघत बसतात. "हातातून सुटताना बघ" म्हणावं. दोन्ही डोळे पिचरकडे हवेत. पुष्कळ मुली मान पुरती वळवतच नाहीत आणि एका डोळ्यानं, नाकाच्या आडून चेंडू बघतात.

एका वेळी एकच

मागच्या हंगामात आमच्या संघात नववीतली एक मुलगी होती. पळायला हरणासारखी, चेंडू अचूक झेलणारी, आणि बॅट हातात आली की नुसता दगड. सर सांगत ते ठीक, पण कॅप्टन वेगळं सांगे, क्रिकेट खेळणारा भाऊ तिसरंच, आणि वडील रविवारी मैदानावर आले की आणखी दोन गोष्टी. एकदा ती मला म्हणाली, "बाई, चेंडू येतो तेव्हा माझ्या डोक्यात सगळे एकदम बोलतात." मी सरांना ते जसंच्या तसं सांगितलं. सर समजूतदार. त्यांनी दोन आठवडे तिच्याशी फक्त गाठीविषयी बोलायचं ठरवलं आणि बाकीच्यांना गप्प बसवलं. वडिलांना गप्प बसवायचं काम माझ्याकडे आलं. ते त्यातल्या त्यात अवघड होतं! तिसऱ्या आठवड्यात ती काही षटकार मारायला लागली नाही, पण बॅट चेंडूला लागू लागली. लागल्याचा तो टणक आवाज ऐकून तिनं माझ्याकडे वळून बघितलं, आणि पळायचंच विसरली. सगळ्याजणी ओरडल्या, "अगं पळ!"

यामागेही शास्त्र आहे बरं का. गॅब्रिएले वुल्फ नावाच्या संशोधिकेनं १९९८ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फावर घसरण्याचा सराव करायच्या एका यंत्रावर लोकांना उभं केलं. काहींना पायांच्या जोराकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायांखालच्या पाट्याच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे लवकर शिकले. अंगाच्या अवयवाऐवजी बाहेरच्या वस्तूकडे लक्ष गेलं की अंग आपलं काम आपण जुळवून घेतं. रॉब ग्रे या संशोधकानं २००४ साली बेसबॉलच्या फलंदाजांवर असंच काही करून पाहिलं. कसलेल्या फलंदाजांना स्वतःची बॅट कशी फिरते आहे याकडे लक्ष द्यायला लावलं, तर त्यांचा फटका बिघडला. नवशिक्यांचा तसा बिघडला नाही. म्हणजे शिकताना थोडी अंगाची जाण हवी, पण सामन्याच्या दिवशी, मुलगी बॅट घेऊन उभी असताना, "गुडघा", "खांदा", "कोपर" यांतलं काहीही ओरडायचं नाही. फार तर "मधून मार" किंवा "त्या झाडाकडे" एवढं म्हणा. खरं तर काही म्हणूच नका.

जपानच्या सादाहारू ओ याची गोष्ट मला या संदर्भात फार आवडते. हा तरुण फलंदाज गुणी, पण त्याचा फटका वेळेवर बसेना. हिरोशी अराकावा या त्याच्या गुरूनं त्याला पुढचा पाय उचलून एका पायावर उभं राहायला लावलं, बगळ्यासारखं. एका पायावर उभं राहायचं तर तोल सांभाळावाच लागतो, घाई करताच येत नाही. शिवाय छताला कागदाची पट्टी टांगायची आणि जपानी तलवारीनं ती कापायची, असा सराव. नुसत्या जोरानं मारलं की कागद फडफडून बाजूला होतो. अंग, हात आणि पातं एका रेषेत आलं तरच कापला जातो. १९६२ साली त्यानं हा बगळ्याचा पवित्रा घेतला आणि १९८० साली निवृत्त होईपर्यंत त्याच्या नावावर कारकिर्दीतले एकूण ८६८ होम रन जमा झाले. त्या गुरूनं "तुझं हे चुकतं, ते चुकतं" अशी यादी वाचली नाही. त्याला एक काम दिलं. (आपल्या मुलींना तलवार देऊ नका म्हणजे झालं.)

भीतीचं काय करायचं?

चेंडू येताना काही मुलींचा पुढचा पाय सरळ न पडता मागे, बाहेरच्या बाजूला पडतो. अंग चेंडूपासून पळतं आणि बॅट पोचतच नाही. पाहणारे म्हणतात, "पाय सरळ टाक!" पाय चुकलेला नसतो, मुलगी घाबरलेली असते. आणि का घाबरू नये? दोनशे ग्रॅमचा चेंडू अंगावर बसला की दुखतंच. तिला "घाबरतेस काय, मुलगी आहेस म्हणून?" असं म्हणणाऱ्याला मैदानावरून घालवावं, मग तो कुणी का असेना.

भीती घालवायला आधी मोज्यांचा चेंडू, मग प्लॅस्टिकचा किंवा टेनिसचा, आणि मग खरा, अशा पायऱ्या कराव्यात. दुसरं, अंगावर चेंडू आला तर काय करायचं ते मुद्दाम शिकवावं. हनुवटी छातीशी घ्यायची आणि पिचरकडे पाठ करत आत वळायचं, म्हणजे लागलाच तर पाठीच्या मऊ भागाला लागतो. छाती-तोंड उघडं ठेवून मागे वाकायचं नाही. मऊ चेंडू अंगावर टाकून हे दहा वेळा केलं की मुली खदखदून हसतात आणि धीट होतात. खऱ्या चेंडूशी खेळताना हेल्मेट हवंच. शाळेत कमी पडत असतील तर पालकसभेत उठून मागावीत. अशा गोष्टी आयांनीच मागायच्या असतात.

घरच्या घरी

मैदान आठवड्यातून दोन दिवस मिळतं. बाकीचे दिवस गच्ची किंवा अंगण चालेल. जुने मोजे एकात एक गुंडाळून घट्ट चेंडू शिवा आणि दोरीनं टांगा, मुलीच्या कमरेच्या उंचीवर, तिच्या पुढच्या पायाच्या साधारण समोर येईल असा. किंवा प्लंबरकडून कमरेएवढा पाइपचा तुकडा आणून वाळूच्या डब्यात उभा करा, वरच्या तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा. त्यावर चेंडू छान बसतो. समोर कपड्यांच्या दोरीवर जाड चादर सैल सोडा, चेंडू तिच्यावर आपटून खाली पडेल आणि शेजाऱ्यांच्या काचा वाचतील. एका वेळी पाच फटके, मग थोडं थांबायचं. असे पाच वेळा, म्हणजे पंचवीस. माझ्या मते शाळकरी मुलीला एका दिवसाला एवढे पुष्कळ झाले. शंभर फटक्यांत शेवटचे साठ दमलेल्या अंगाचे असतात, आणि अंग सवय लावून घेतं ती त्यांचीच. धाकटी भावंडं दहा हात लांब हवीत, हे मात्र रोज बघावं. घामट हातांतून बॅट सुटते.

बॅट विकत घेण्याआधी दोनदा विचार करा. शाळेत बहुधा सगळ्यांना मिळून एक-दोनच बॅटी असतात, आणि त्या मोठ्या मुलींच्या मापाच्या. तुमच्या मुलीनं बॅट एका हातात धरून खांद्याच्या रेषेत बाजूला आडवी धरावी. वीस आकडे मोजेपर्यंत हात थरथरून खाली आला तर ती बॅट तिला जड आहे. तेवढ्यानं नवी घ्यायला नको. मूठ दोन बोटं वर सरकवून धरली की तीच बॅट हलकी वाटते. मोठे खेळाडूही तसं धरतात, त्यात लाज कसली.

शेवटी पाठीचं. हा खेळ एकाच बाजूला पीळ देणारा. म्हणून पंचवीस फटके झाल्यावर पाच-सात फटके उलट्या बाजूनं, हळू, चेंडू न ठेवता फिरवायला लावा. वाढत्या वयाच्या मुलीची कंबर फटका मारताना किंवा मागे वाकताना दुखत असेल आणि दोन-तीन दिवसांत राहत नसेल, तर तेल चोळत बसू नका. खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. स्पर्धा जवळ आली म्हणून ती दुखणं लपवेल. तेव्हा "दुखतंय का?" असं विचारू नका, पायमोजे घालायला वाकते कशी ते बघा.